चौथ्या बीची हजेरी

साहेबांचे सेवेसी, चष्मा पुसून व लेखणी सरसावून विनंती ऐसीजे. तिसऱ्या मजल्यावरील बाल्कनीत बियांची जी मोहीम जाहली, तीत कोण उगवले, कोण कुजले, कोणी खोटे खलिते धाडिले आणि अखेरीस फत्ते कोणाची म्हणावी, याजविषयी जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी आणि दंतवैद्यांच्या बाकावर नाना प्रवाद उठले. कोणी म्हणतात, मास्तरांनी बी उकळून खाल्ली. कोणी म्हणतात, बीला भूल देऊन तिचा दात काढिला. ऐसियास खरे ते राहावे आणि खोटे ते वाळून जावे, सबब साद्यंत मजकूर लिहिला आहे. पदरचे काही घातले नाही, घातले असल्यास शोभेपुरते.

तर तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून उजव्या हातास, निवृत्त कवायतमास्तर म्हणून एक मातबर सरदार नांदत होते. शाळेच्या मैदानावर त्यांनी एकतीस वर्षे अंमल केला. गळ्यात पितळी शिट्टी, पायात पांढरे बूट, आणि आवाज ऐसा की दोन गल्ल्या पलीकडे चाललेला टपालवाला टाच जुळवून उभा राही. मैदान सुटले तरी शिट्टी सुटली नाही. चहा पाहिजे तर शिट्टी, वर्तमानपत्र सापडेना तर शिट्टी, आणि सापडले तरी आनंदाची म्हणून एक शिट्टी. कायदा त्यांचा एकच होता: सर्वांस एक हुकूम, सर्वांस एक वेळ, आणि प्रातःकाळी हजेरी. पोरांत कोण लांबटांग, कोण बुटका, कोण दमेकरी, हे त्यांनी कधी पाहिले नाही. ओळ सरळ असली म्हणजे जग ठीक चालले, ऐसा त्यांचा पक्का इतबार होता.

त्यांचे कुटुंब, म्हणजे बाईसाहेब, विजारी शिवण्यात नामांकित. माणूस दारातून आत येता येता त्याच्या कमरेचे माप डोळ्यांनीच घेत, आणि मग टेप केवळ त्याचे समाधान व्हावे म्हणून लावीत. घरात हुकूम मास्तरांचा चाले, परंतु बाल्कनीचा सुभा बाईसाहेबांकडे होता, आणि तेथे शिट्टी वाजवण्यास मनाई होती. कुंड्या, खोकी, झारी आणि बटणांचा गोल पत्र्याचा डबा, हा त्यांचा सरंजाम. डब्याला आत कप्पे होते, आणि बटणे कधीच संपून त्यात आता बिया नांदत होत्या.

ऐसे असता एके दिवशी अनर्थ जाहला. मास्तरांनी व्यायाम आटोपला आणि आपले पाच किलोचे लोखंडी डंबेल कपाटाखाली ठेवावयाचे ते मधल्या बोळात ठेविले. एकतीस वर्षे ज्यांनी पोरांच्या कानी 'वस्तू जागच्या जागी' हा मंत्र घातिला, त्यांच्याच हातून हे घडले. इतक्यात बाईसाहेब कापलेल्या कापडाची चवड हनुवटीपर्यंत घेऊन बोळातून निघाल्या, आणि पुढे डंबेल, आणि मग बाईसाहेब, आणि मग सर्व कापड, या क्रमाने जमिनीवर मुक्काम पडला. पायाचे हाड मोडले. गुडघ्यापासून बोटांपर्यंत प्लास्टर चढले आणि बेचाळीस दिवस खाट सोडू नये ऐसे डॉक्टरांनी फर्माविले. चूक मास्तरांस उमगली, परंतु चुकलो म्हणण्याची त्यांच्या जिभेस सवयच नव्हती. मग ते भात करपवू लागले, झाडू मारू लागले आणि डंबेलाकडे पाठ करून बसू लागले.

खाटेवरून बाईसाहेबांना छत दिसे, आणि मान वळविली तर बाल्कनीच्या खिडकीची एक पट्टी दिसे. अठरा दिवस त्यांनी छत पाहिले. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी बटणांचा डबा मागविला आणि सर्वांत आतल्या कप्प्यातून चार काळ्या बिया तळहातावर घेतल्या. या बियांची हकीकत ऐसी की, बाईसाहेबांची थोरली बहीण, जिला अवघे घर ताई म्हणे, तिच्या अंगणात निळ्या फुलांची वेल होती. सकाळी फुले उमलत आणि दुपार होते न होते तोच मिटत. ताई सात वर्षांमागे गेली. अंगणही गेले, तेथे आता मोटारी उभ्या राहतात. राहिल्या त्या चार बिया. दरसाल बाईसाहेब म्हणत, पुढल्या वर्षी लावू, आणि दरसाल भीत की लावल्या आणि उगवल्या नाहीत तर डबाही रिकामा होईल. त्या दिवशी मात्र त्यांचे शब्द निघाले ते जैसे निघाले तैसे लिहितो.

“अहो, या वर्षी लावूनच टाकू या. खिडकीवर चढली की मला इथून दिसेल. आणखी किती छत बघायचं?”

मास्तरांना वाटले, जे तोंडाने बोलवत नाही ते करून दाखविण्याची हीच वेळ. त्यांनी तत्काळ विडा उचलिला: प्लास्टर निघेल त्या दिवशी बाल्कनी हिरवी असेल आणि निळी वेल मातीबाहेर असेल. बाईसाहेब सांगू लागल्या की प्रत्येक बीचा स्वभाव वेगळा, एकीला जे मानवते त्यात दुसरी मरते. तोच मास्तरांनी हात वर करून वाहतूक थांबवावी तैसे त्यांस थांबविले.

“अगं, एकतीस वर्षं पोरं सांभाळली मी. बियांचं काय एवढं!”

डब्याच्या कप्प्याकप्प्यात बाईसाहेबांनी बारीक अक्षरात चिठ्ठ्या लिहून ठेविल्या होत्या. मास्तरांनी त्या सर्व गोळा केल्या, नीट घड्या घातल्या, आणि जेवणाचे टेबल कित्येक महिने डुगडुगत होते त्याच्या पायाखाली सारून टेबल स्थिर केले. या कामाचे त्यांना फार समाधान वाटले.

विसाव्या दिवशी प्रातःकाळी मोहीम सुरू जाहली. फळांची तीन खोकी मातीने भरिली, पट्टीने रेघा मारिल्या आणि फौजेची वाटणी केली. मका बारा असामी, घेवडा बारा असामी, कांदा वीस, मिरची सोळा, निळी वेल दोन, आणि सलाडच्या पाल्याचे बी, जे तपकिरीहून किंचित मोठे, ते मोजता मोजता शिंक आल्यामुळे अंदाजे. वेलीच्या उरलेल्या दोन बिया राखीव ठेविल्या, एवढी एक अक्कल मास्तरांस सुचली. मग हुकूम सुटला की सर्वांनी बोटाचे एक पेर खोल जावे, कमी नाही, जास्त नाही. मक्याचा टपोरा दाणा एक पेर, आणि डोळ्यास न दिसणारे सलाडही एक पेर. दर असामीस आइस्क्रीमच्या काडीवर नंबर दिला, वही उघडिली, शिट्टी फुंकिली आणि उगवण्याची आज्ञा केली.

दुसऱ्या दिवशी कोणी उगवले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मास्तरांस संशय आला की आत कोणी आहे तरी की नाही. शाळेत ओळीतली पोरे मागच्या मागे कुंपणावरून पसार होत, तो अनुभव गाठीस होता. सबब त्यांनी चहाचा चमचा घेतिला, पहिल्या काडीपाशी माती उकरिली, मक्याचा दाणा वर काढिला, उजेडात फिरवून पाहिला, मोठ्याने “हजर!” म्हणून वहीत खूण केली आणि दाणा परत खाली लोटिला. मग दुसरा. मग तिसरा. ऐसे नित्य सकाळी सात वाजता शिट्टी वाजवून एकूण एक बीची हजेरी घेण्याचा प्रघात पडला. सलाडचे बी उकरून सापडेना, सबब त्या सर्व पलटणीपुढे 'गैरहजर, पालकांस कळवावे' ऐसे सवयीने लिहिले गेले.

या शिट्टीचा उपद्रव खालच्या मजल्यावर फार जाहला. तेथे दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता, आणि सकाळचे रोगी तोंड वासून बसलेले असता वरून शिट्टी वाजली की खुर्चीतल्या खुर्चीत सावधान होत, आणि हत्यार भलतीकडे जाई. डॉक्टरीणबाई लहानपणी मास्तरांच्याच शाळेतली. उशीर जाहला म्हणून मास्तरांनी तिला एकदा पन्नास उठाबशा काढावयास लाविल्या होत्या, आणि मास्तर तिला अजूनही केवळ एकतीस नंबर म्हणून ओळखत. तिने जिन्यात गाठून आर्जव केले की सर, निदान दाढ काढताना तरी नको. मास्तरांनी उत्तर दिले की फौज तयार करणे चालू आहे, आणि एकतीस नंबरने पाठीत वाकू नये.

पुढे मोहिमेच्या सहाव्या दिवशी मातीत हालचाल दिसू लागली. प्रथम मका निघाला, सरळ, ताठ, भाल्यासारखा, एका पात्यात गुंडाळलेला, दाणा खालीच ठेवून. मास्तर ऐसे खूश जाहले की त्यांनी मक्यास तेथल्या तेथे मॉनिटर नेमिले. मग घेवडा निघाला तो पाठीत वाकून, मान खाली, डोके अजून मातीत, आणि बीच्या दोन्ही डाळिंब्या दप्तरासारख्या सोबत घेऊन. त्याच्या शेजारी कांदा निघाला तो तर कंबरेतून दुमडलेला, केसांच्या आकड्यासारखा. वास्तविक ती त्यांची रीत. कोवळे टोक मातीत घासू नये म्हणून ते पाठ पुढे करून वाट फोडतात आणि उजेड दिसला की आपसूक ताठ होतात. परंतु मास्तरांच्या अमलात पोक काढून उभे राहणे हा गुन्हा. त्यांनी घेवड्याच्या हनुवटीखाली बोट घालून मान सरळ केली. मान कडकन मोडली. मग दुसऱ्याची केली, तीही मोडली. ऐसे पाच घेवडे आणि सात कांदे शिस्तीच्या कामी खर्ची पडले.

सर्वांत मोठा पेच निळ्या वेलीचा. रोज उकरावे तो बी जैसीच्या तैसी, काळी, कोरडी, निबर. अंगावर ओल चढत नव्हती, पाणी वरून ओघळून जात होते. मोहिमेच्या अकराव्या दिवशी मास्तरांनी एक बी नीट पाहण्यासाठी कठड्यावर ठेविली आणि चष्मा आणावयास आत गेले. परत येतात तो कठड्यावर कबूतर. कबुतराने मास्तरांकडे पाहिले, मास्तरांनी शिट्टी फुंकिली, कबुतराने घाबरून गिळले. मग मास्तर झाडू घेऊन धावले, सलाडच्या बियांची पुडी उलटली, बी वाऱ्यावर उधळले आणि पाण्याच्या नळीजवळच्या फटीत, जुन्या पायपुसण्यावर आणि मास्तरांच्या मिशीत जाऊन पडले. कबूतर समोरच्या इमारतीवर बसून पंख साफ करू लागले. येणेप्रमाणे पहिली बी कामास आली.

दुसरीचे ऐसे जाहले की कठीण कवच गरम पाण्याने नरमते हे मास्तरांनी कोठे तरी ऐकिले होते. बाईसाहेबांस विचारावे तर मोठेपणास बट्टा लागतो. मग त्यांनी किटलीत पाणी उकळविले आणि बी आत सोडिली. वास्तविक आच काढून, पाणी कोमट होऊ देऊन मग सोडावयाची, परंतु तितक्यात फोन वाजला. पलीकडून एका बाईने विचारिले की आपण आपल्या जीवनात समाधानी आहात काय, एक मिनिट बोलू का. मास्तर त्या दिवशी समाधानी नव्हते, आणि ते त्यांनी तीस मिनिटे सांगितले. परत आले तेव्हा पाणी आटले होते आणि बी फुटून लगदा जाहली होती.

त्याच संध्याकाळी बाईसाहेबांनी खाटेवरून सहज विचारिले की वेल निघाली का. येथे मास्तर घसरले. म्हणाले, निघाली, कालच. बाईसाहेबांचा चेहरा ऐसा उजळला की मास्तरांस तेथून पळून जावेसे वाटले.

“खरंच? आणि पानं कशी आलीयेत?”

“कशी म्हणजे? गोल. छान गोल, बटणासारखी.”

बाईसाहेबांनी छताकडे पाहिले, मग मास्तरांच्या बुटांकडे पाहिले, आणि मग त्यांचे खांदे हलू लागले. मास्तरांस वाटले रडताहेत. पाहतात तो हसताहेत, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणीही येते आहे, आणि प्लास्टरचा पाय उशीवर थडथड उडतो आहे.

“अहो, त्या वेलीची पहिली पानं गोल नसतात हो. मधून फाकलेली असतात, विजारीच्या कापासारखी. ताई दरवर्षी मला हाक मारायची, ये गं, बघ, तुझं गिऱ्हाईक उगवलंय!”

मास्तरांनी टोपी काढिली. सावधान स्थितीत उभे राहून त्यांनी सर्व कबूल केले: कबूतर, किटली, मोडलेल्या माना, चमचा, आणि चिठ्ठ्या टेबलाच्या पायाखाली आहेत हेही. मग म्हणाले, “आणि ते डंबेल. ते मीच ठेवलं होतं. चुकलो मी.” इतके बोलून त्यांचा आवाज, जो दोन गल्ल्या पलीकडे जात असे, तो खाटेपर्यंतही नीट पोचला नाही.

बाईसाहेबांचे हसू थांबले. त्यांनी हात पुढे केला आणि फर्माविले की शिट्टी इकडे. शिट्टी उशीखाली कैद जाहली. मग चमचा इकडे. चमचाही कैद जाहला. मग टेबलाखालच्या चिठ्ठ्या काढून आणून मोठ्याने वाचाव्या. टेबल पुन्हा डुगडुगू लागले आणि मास्तर वाचू लागले. सलाड: पुरू नका, उजेड लागतो, वर नुसते भुरभुरवा. मिरची: आळशी नाही, थंडीने अडते, ऊब द्या आणि तीन आठवडे बोलू नका. घेवडा: फार भिजवू नका, कुजतो, आणि मान स्वतः सरळ करतो. कांदा: तसाच. सफरचंद: बिया ओल्या कपड्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या आहेत, हिवाळा गेला असे त्यांना वाटल्याशिवाय उठत नाहीत, डबी कोणी फेकू नये. निळी वेल: अंगावर चिलखत आहे. डोळ्याची बाजू सोडून, पाठीवर, पांढरे दिसेपर्यंत थोडे घासावे, मग रात्रभर पाण्यात. मास्तरांनी शेवटची चिठ्ठी दोनदा वाचिली.

“म्हणजे प्रत्येकाला वेगळी कवायत?” त्यांनी खिन्न होऊन विचारिले.

“प्रत्येकाला वेगळी,” बाईसाहेब म्हणाल्या. “आणि घासायचं काम तुम्ही करू नका. तुमच्या हातानं दरवाजेसुद्धा तुटतात. खाली दवाखान्यात जा.”

प्लास्टरच्या पस्तिसाव्या दिवशी मास्तर राखीव दोन बिया औषधाच्या बाटलीत घालून दवाखान्यात गेले. तेथे मजकूर सांगण्यापूर्वीच एकतीस नंबरने त्यांस खुर्चीत आडवे केले, गळ्यात कागदी रुमाल बांधिला, दिवा तोंडावर सोडिला आणि आरसा घालून आतील सर्व प्रदेशाची पाहणी करून टाकिली. वीस वर्षांपूर्वीच्या उठाबशा तिच्या ध्यानात नव्हत्या ऐसे म्हणवत नाही. मास्तरांनी तोंडात आरसा असता जे काही सांगितले त्यातून 'बी', 'ताई' आणि 'कबूतर' एवढेच उमजले, आणि तिला वाटले सरांच्या डोक्यावर परिणाम जाहला. मग बाटली पाहिली, चिठ्ठी वाचिली, आणि तिचे डोळे चमकले.

प्रथम बी चिमट्यात धरून तिने ड्रिल लाविले. सवयीने म्हणाली, “थोडंसं दुखेल हं.” मास्तरांनी डोळे मिटून घेतले. ड्रिलने क्षणभर गुणगुण केली आणि एकदम टक्क ऐसा आवाज होऊन बीचे दोन तुकडे जाहले, एक भिंतीस लागला आणि एक तोंड धुण्याच्या भांड्यात गेला. बाकावर गाल धरून बसलेला रोगी गाल सोडून उभा राहिला.

“नस लागली, सर,” डॉक्टरीणबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा पार उतरला. “सॉरी. खरंच सॉरी.”

एकतीस वर्षांत मास्तर ज्यास त्यास रागे भरले. या वेळी त्यांनी चौथी बी बाटलीतून काढून तिच्या तळहातावर ठेविली आणि म्हणाले, “माझ्याकडून दोन गेल्या. तुझी एकच. घे, घाई नाही.” मग तिने ड्रिल बाजूस सारिले, दाताच्या कडा गुळगुळीत करावयाची खरखरीत पट्टी घेतली आणि चष्म्यावर भिंग चढवून, श्वास रोखून, बीच्या पाठीवर हलके हलके फिरवू लागली. बाकावरचा रोगी जवळ येऊन दिवा धरू लागला. पन्नास वेळा पट्टी फिरली, मास्तरांनी मनात मोजली. पन्नासाव्यास काळ्या चिलखतात मोहरीएवढे पांढरे दिसले. मग बी वाटीत पाण्यात घालून मास्तर जिना एकेक पायरी थांबत चढले, आणि रात्र पाण्यात काढून सकाळी पाहतात तो बी फुगून दुप्पट. सात वर्षांनी ती प्रथमच पाणी प्याली होती.

छत्तिसाव्या दिवशी चौथी बी नव्या कुंडीत, खिडकीच्या पट्टीत, अर्धे पेर खोल उतरली. यानंतर जे युद्ध जाहले ते मास्तरांच्या आयुष्यात सर्वांत घनघोर, कारण ते न उकरण्याचे युद्ध होते. सकाळी सात वाजता हात आपोआप गळ्याकडे जाई, तेथे शिट्टी नसे. मग चमच्याकडे जाई, तेथे चमचा नसे. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे विजारीच्या पट्ट्यात अडकविले आणि कुंडीकडे पाठ करून बाल्कनीत येरझारा घातल्या. बाईसाहेब खाटेवरून पाहत आणि मधूनच पुकारीत, “वळू नका!” मास्तर वळत नसत. चहा मात्र काटा घालून ढवळू लागले, कारण चमचे सर्व जप्त जाहले होते.

या सहा दिवसांत बाकी फौजेत जे घडले तेही लिहिले पाहिजे. माना न मोडलेले घेवडे कोणी न सांगता ताठ जाहले आणि दप्तरे फेकून खऱ्या पानांनिशी उभे राहिले. मिरचीचे खोके इंटरनेटच्या डबीवर ठेविले, तिच्या उबेने दोन असामी निघाल्या आणि घरातले इंटरनेट वारले. फ्रिजमध्ये लोण्यामागची डबी उघडली तो सफरचंदाच्या तीन बियांस पांढऱ्या शेपट्या फुटलेल्या, भर थंडीत, काळोखात, कोणतीही हजेरी न होता. आणि सलाडची कथा सर्वांत लाजिरवाणी. जे ओळीत नीट पुरले त्यातले एकही निघाले नाही, आणि कबुतराच्या धामधुमीत जे उधळून नळीच्या फटीत आणि पायपुसण्यावर पडले, ते दाट हिरवे उगवून आले. मास्तर त्या पायपुसण्यापाशी उकिडवे बसले. मग त्यांनी पायपुसण्यास पाणी घातले.

बेचाळिसाव्या दिवशी प्लास्टर कापिले. तीन मजले बाईसाहेबांस खुर्चीत बसवून वर आणणे जाहले, एकीकडून मास्तर, दुसरीकडून एकतीस नंबर, आणि बाकावरचा तो गालवाला रोगीही मदतीस, ज्याची दाढ या गडबडीत राहूनच गेली होती. दारापासून बाल्कनीपर्यंत अकरा पावले. बाईसाहेब वॉकर धरून, बारीक पडलेला पाय पुढे टाकीत, एकेक पाऊल चालल्या. मधला बोळ पार करताना मास्तर पुढे होऊन जमीन तपासत होते. कुंडीपाशी पोचताच मास्तरांनी तोंड भिंतीकडे केले. म्हणाले की आधी तुम्ही पाहा, माझ्याने होणार नाही.

बाईसाहेब वाकल्या. मग त्यांनी पदराआडून पितळी शिट्टी काढिली आणि गाल फुगवून ऐसी फुंकिली की समोरच्या इमारतीवरचे कबूतर उडून गेले. गालवाला रोगी तेथल्या तेथे सावधान जाहला. मग बाईसाहेबांनी मास्तरांची वही मागविली आणि मोडक्या खुर्चीवर बसून हजेरी पुकारिली.

“मका?”

“हजर,” मास्तर भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले.

“घेवडा?”

“सात हजर. पाच... पाच माझ्यामुळे.”

“कांदा?” तेरा हजर. “मिरची?” दोन हजर, बाकीच्या वाटेवर. “सफरचंद?” हजर, फ्रिजमध्ये. “सलाड?” पायपुसण्यावर हजर. मग बाईसाहेबांनी वहीचे पान उलटले, परंतु पानाकडे पाहिले नाही.

“ताई?”

मास्तर सावकाश वळले. कुंडीत मातीस तडा गेला होता, आणि तड्यातून एक तांबूस देठ पाठ काढून उभे होते. टोकास दोन पाने अर्धवट उलगडलेली, प्रत्येक पान मधून फाकलेले, लहानग्या विजारीसारखे, आणि एका पानाच्या टोकावर काळे चिलखत अजून टोपीसारखे अडकून राहिलेले. ती टोपी काढावी म्हणून मास्तरांचा हात पुढे गेला, आणि त्यांचा त्यांनीच मागे घेतिला. मग टाचा जुळविल्या, छाती काढिली आणि एकतीस वर्षांत जो आवाज कधी फुटला नव्हता, तो भर हजेरीत फुटला.

“हजर, बाई!”

बाईसाहेब एकाच वेळी हसल्या आणि रडल्या, आणि एकतीस नंबर कागदी रुमालाने नाक पुसू लागली. गालवाल्या रोग्यास काय चालले आहे ते कळले नाही, तरी त्याने टाळ्या वाजविल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. निळी वेल चारांपैकी एक, मातीबाहेर, दोन पानांनिशी, विजारीच्या मापाची, ऐसी नोंद वहीत बाईसाहेबांच्या हस्ताक्षरात जाहली आहे. काळी टोपी दुसऱ्या दिवशी आपसूक गळाली, ती बटणांच्या डब्यात, सर्वांत आतल्या कप्प्यात ठेविली. शिट्टी मास्तरांस परत मिळाली, परंतु बाल्कनीत वाजवण्याचा अधिकार बाईसाहेबांकडे राहिला. एकतीस नंबरचे नाव मास्तरांनी विचारून घेतले, आणि दाढा काढण्याच्या वेळा सांभाळून वागण्याचा तह जाहला. वेल वर चढावी म्हणून खिडकीच्या गजापासून कुंडीपर्यंत सुतळी ताणिली, आणि ती ताठ राहावी म्हणून तिच्या खालच्या टोकास पाच किलोचे लोखंडी डंबेल बांधिले. त्याची जागा आता तीच, तेथून कोणी हलवू नये, ऐसा मास्तरांचा कायम हुकूम आहे.